वावर, विहीर, फवारणी अन् किराणा : घरातली मापं मीटर-किलो-लिटरवर कशी आणायची

आपल्याकडं एकाच कास्तकाराच्या तोंडात सकाळपासून झोपेपर्यंत किती मापं असतात बघा. दूध लिटरनं, डिझेल लिटरनं, सोयाबीन क्विंटलनं, पण वावर एकरात, विहीर फुटात, पेरणीच्या दोन ओळीतलं अंतर इंचात, रेती ब्रासमध्ये, सळई सुतात अन् घरातली ज्वारी अजून बी पायलीनं. मेट्रिक वजनमापाचा कायदा झाला 1956 ला, 1 ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्यानं तो लागू झाला. पैसे तं त्याच्याही आधी, 1 एप्रिल 1957 लाच दशमान झाले, आणे-पै कधी गेले ते आता कोणाला आठवत बी नाही. पैसा रोज हातात फिरतो म्हणून त्याचं माप लवकर बदललं, वावर काही कोणी रोज मोजत नाही, त्याचं तसंच राह्यलं.

मी कोणाला एकर म्हणू नका असं सांगत नाही, पारावर बसून म्हणा की खुशाल. पण एक गोष्ट पक्की आहे, आपलं नुकसान एकरानं बी होत नाही अन् हेक्टरनं बी होत नाही, जिथं दोन मापं एकमेकाला भेटतात तिथं होते. शिफारस हेक्टरची अन् टाकलं एकराला. डबा लिटरचा अन् भाव धरला किलोचा. पाइप मिलिमीटरचा अन् मागितला इंचात. म्हणून सगळं एकदम बदलायच्या भानगडीत न पडता या भेटीच्या जागा आधी पकडायच्या, तिथं कागदावर जे माप आहे तेच आपणही वापरायचं. बाकीचं हळूहळू आपोआप येते.

आधी सामान जमवा

लय काही लागत नाही. 30 मीटरचा फायबरचा टेप, 5 मीटरचा खिशातला स्टीलचा टेप, 50 किलोपर्यंतचा लटकवायचा डिजिटल काटा, स्वैपाकघरासाठी ग्रामचा छोटा काटा, एक लिटरचं रेघा असलेलं मापाचं भांडं, अन् औषधासाठी सुई काढलेली 10 मिलीची सिरिंज. सिरिंज फक्त फवारणीच्या औषधालाच, तिच्यावर लाल रंग मारून फवारणीच्या सामानातच ठेवायची, घरात आणायचीच नाही.

टेपच्या एका बाजूला इंच असतात अन् एका बाजूला सेंटिमीटर. डोळा सवयीनं इंचावरच जाते, म्हणून इंचाच्या बाजूवर सरळ चिकटपट्टी मारून टाका. गंमत वाटंल, पण सवय मोडायला याच्यापेक्षा सोपं काही मला तरी सापडलं नाही. तसंच मोबाइलमधल्या शेत मोजायच्या अ‍ॅपमध्ये सेटिंगला जाऊन हेक्टर करून ठेवा, ताप मोजायच्या डिजिटल थर्मामीटरलाही बऱ्याच वेळा फॅरनहाइटचं सेल्सिअस करायची सोय असते.

काटा घरी आणला की तो खरा आहे का ते पाण्यानं तपासता येते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. रिकामं भांडं काट्यावर ठेवून शून्य करा, त्यात मापानं एक लिटर पाणी ओता, हजार ग्रामच्या आसपास दाखवलं की काटा ठीक. मोठ्या काट्याला 20 लिटरचा कॅन अडकवून बघा, कॅनचं वजन तेवढं वजा करा.

डोळ्याला आर दाखवा

हे काम उन्हाळ्यात वावर रिकामं असताना करायचं. टेप घेऊन धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कोपऱ्यातून 10 मीटर एका बाजूला अन् 10 मीटर दुसऱ्या बाजूला मोजा, चार कोपऱ्यात चार खुंट्या ठोका, सुतळी बांधा. कोपरा काटकोनात आहे का ते बघायला एका बाजूवर 3 मीटरवर खूण, दुसरीवर 4 मीटरवर खूण, दोन खुणांमधलं अंतर बरोबर 5 मीटर आलं पाहिजे, गवंडी पाया आखताना करते तेच. हा जो चौकोन झाला तो 1 आर. असे 100 चौकोन म्हणजे 1 हेक्टर. बस, एवढंच आहे ते. घरातल्या पोराला त्या चौकोनाच्या मधात उभं करा अन् वावराकडं बघून अंदाज घ्यायला सांगा, किती चौकोन बसतील. पोरं हे आपल्यापेक्षा लवकर पकडतात.

आपली पावलं बी मोजून ठेवा. 30 मीटर टेप पसरून नेहमीच्या चालीनं चाला, किती पावलं पडली ते लिहून ठेवा, मंग टेप नसला तरी धुरा चालत चालत मीटरमध्ये अंदाज निघते. नायलॉनच्या दोरीनं मात्र मोजू नका, ती ताणली जाते, दर वेळी वेगळं माप देते अन् भावाभावात भांडण लावते.

आता सातबारा काढा. त्याच्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहिलेलं असते. 1.62.00 म्हणजे 1 हेक्टर 62 आर, झाले 4 एकर. 0.81 म्हणजे 2 एकर. गुंठ्याचं तं अजून सोपं, गुंठा 33 बाय 33 फूट म्हणजे 101.17 चौरस मीटर अन् आर 100 चौरस मीटर, म्हणजे घरच्या हिशोबाला दोन्ही जवळपास एकच. फरक कशात आहे तं एकराला गुंठे 40 लागतात अन् हेक्टरला आर 100. एक हेक्टर 2.47 एकर, अन् एक एकर साडेचाळीस आरला किंचित कमी. जुन्या कागदात कुठं डिसमिल दिसलं तं तो एकराचा शंभरावा भाग, 40.47 चौरस मीटर.

याच्यात एक बारीक गोम आहे. अल्पभूधारक म्हणजे 2 हेक्टरपर्यंत. बोलताना सगळे म्हणतात पाच एकरवाला अल्पभूधारक. पण पूर्ण पाच एकर म्हणजे 2.02 हेक्टर होते, दोन आरनं वर गेला! दोन हेक्टर म्हणजे 4 एकर अन् साधारण 38 गुंठे. म्हणून कोणत्याही योजनेचा फॉर्म भरताना "एकरात सांग ना भाऊ" असं कोणी म्हटलं तरी सातबारावरचा आकडाच वाचून दाखवायचा, आपण गुणाकार-भागाकार करायचा नाही.

वावर वाकडंतिकडं असलं तं त्याचे त्रिकोण पाडा, प्रत्येकाचा पाया मोजा, समोरच्या कोपऱ्यातून पायावर सरळ उभी उंची मोजा, दोघांचा गुणाकार करून निम्मं करा, सगळ्यांची बेरीज. चौकोनी असलं तं सरळ लांबी गुणिले रुंदी, 80 मीटर बाय 50 मीटर म्हणजे 4000 चौरस मीटर, 40 आर, म्हणजे एकराला थोडंसंच कमी. ही झाली आपल्या पेऱ्याच्या हिशोबाची मोजणी, धुऱ्याच्या वादाला सरकारी मोजणीच लागते.

खत अन् पेरणी

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिफारस असो की कृषी विभागाचा कागद, खताचे आकडे बहुतेक हेक्टरी असतात. अन् आपण दुकानात जाऊन विचारतो, एकराला किती बॅगा? समजा एखाद्या पिकाला हेक्टरी 60 किलो नत्र (नायट्रोजन) सांगितलं. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे 60 किलो नत्रासाठी साधारण 130 किलो युरिया लागते, तो पूर्ण हेक्टरला. एकराला त्याचे 53 किलो, म्हणजे 45 किलोची एक बॅग अन् वर आठेक किलो. आता हेच हेक्टर न वाचता कोणी एकराला धरलं तं जवळपास तीन बॅगा जातात. पैसे गेले ते गेले, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, नुसती हिरवीगार माजते अन् तुडतुड्याला निवतं दिल्यासारखं होते. अन् हे 60 किलो काही एकाच वेळी द्यायचं नसते, अन् सोबत डीएपी खत टाकलं असंल तं त्यातलं 18 टक्के नत्र बी याच हिशोबात धरायचं.

म्हणून खताच्या वहीत पहिल्या पानावर सातबारावरचं हेक्टर लिहा अन् सगळा हिशोब तिथूनच करा. वावर 1.62 हेक्टर असंल तं 130 गुणिले 1.62, झाले 210 किलो. एकर मधात आणायचाच नाही. अन् बॅग म्हणजे किती हे बी दर वेळी बॅगेवर वाचा, युरियाची बॅग आधी 50 किलोची होती, आता 45 ची आहे, डीएपीची अजून 50 ची. "तीन बॅगा टाकल्या" याला म्हणूनच काही अर्थ राहत नाही, किलो सांगा.

पेरणीचं तसं सोपं आहे कारण आकडे जुळतात. पेरायच्या तिफणीच्या दोन सरत्यातलं, म्हणजे दोन ओळीतलं, 18 इंच म्हणजे 45 सेंटिमीटर, सोयाबीनला सांगतात तेच. कपाशीचं 3 बाय 2 फूट म्हणजे 90 बाय 60 सेंटिमीटर. सेंटिमीटरचा फायदा झाडं मोजताना कळते. 0.90 गुणिले 0.60 म्हणजे एका झाडाला 0.54 चौरस मीटर जागा, हेक्टरचे 10,000 चौरस मीटर भागिले 0.54, म्हणजे 18,500 झाडं. फूट-एकरात हाच हिशोब करायला 43,560 चौरस फूट डोक्यात ठेवा लागतात, कोण ठेवते?

पाऊस

पावसाचं माप मिलिमीटरमध्येच असते, पण मिलिमीटर म्हणजे काय हे बऱ्याच जणाला माहीत नसते. एक चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. एक हेक्टरवर 10,000 लिटर. घराच्या टिनाचं छप्पर 6 मीटर बाय 4 मीटर असंल तं 10 मिलिमीटर पावसात त्याच्यावर 240 लिटर पाणी पडते, म्हणजे एक ड्रम भरून वर.

घरी पाऊस मोजायला सरळ बाजूचा डबा पाहिजे, तोंड अन् बूड एकाच मापाचं. बादली चालत नाही, ती वर फाकते. डबा उघड्यावर, झाडापासून अन् भिंतीपासून दूर, थोडा उंच बसवायचा, रोज सकाळी ठरल्या वेळी आत स्टीलची पट्टी सरळ बुडवून मिलिमीटर वाचायचे, लिहायचे, पाणी फेकायचं. पट्टीच्या टोकाला शून्याच्या आधी रिकामी जागा असली तं ती घासून टाका नाही तं मोजून त्यात मिळवा. 75 ते 100 मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दर मृगात सांगते, ते आता आपल्याच डब्यात दिसंल. 24 तासात 65 मिलिमीटरच्या वर गेला तं अतिवृष्टी धरतात, पण ती महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर, आपल्या डब्यावर नाही. तरी आपली वही असली की "आमच्या शिवारात लय झाला" याच्या जागी आकडा सांगता येते.

फवारणी : इथं अंदाज नाहीच

2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कास्तकार अन् मजूर गेले, त्याच्यानंतर तरी झाकणानं औषध टाकायची सवय जायला पाहिजे होती. झाकण प्रत्येक बाटलीचं वेगळं. एका कंपनीचं झाकण 10 मिलीचं तं दुसरीचं 25 चं असू शकते, अन् वरून आपण भरून वर थोडं सांडतोच.

लेबल वाचायचे दोन प्रकार आहेत. 10 लिटर पाण्याला 3 मिली असं लिहिलं असंल तं एका लिटरला 0.3 मिली, 15 लिटरच्या पंपाला साडेचार मिली, 16 लिटरच्याला 4.8. दुसरा प्रकार हेक्टरचा, समजा हेक्टरी 250 मिली अन् पाणी 500 लिटर. 250 ला 500 नं भागलं, अर्धा मिली लिटरमागं, 15 लिटरच्या पंपाला साडेसात मिली. दोन्ही वेळी आधी एका लिटरचं काढायचं अन् मंग पंपाच्या लिटरनं गुणायचं, दुसरं काही डोकं लावायचं नाही. पेट्रोलवरच्या पॉवर पंपाला पाणी कमी लागते म्हणून त्याचं प्रमाण वेगळं असते, ते लेबलवर नाही तं कृषी सहायकाला विचारून घ्या.

पंपावर 16 लिटर छापलं असलं तरी एकदा मापानं पाणी ओतून बघा अन् आतून मार्करनं 5, 10, 15 च्या रेघा मारा. अजून एक, मिली हे पातळ औषधाचं अन् ग्राम पावडरीचं. पावडर सिरिंजच्या मापानं किंवा चमच्यानं टाकली की ते ग्राम होत नाही. पावडरीसाठी वेगळा छोटा काटा ठेवा अन् एकेका पंपाच्या पुड्या आधीच, हातमोजे-मास्क घालून, बांधून ठेवा, वावरात वाऱ्यात तोलत बसू नका.

विहीर, मोटार, पाइप

विहिरीची खोली हातात नाही तं फुटात सांगायची सवय आहे. दोरीला वजन बांधून सोडा, वर काढून टेपनं मीटरमध्ये मोजा. दोरी जेवढी ओली तेवढं पाणी, जेवढी कोरडी तेवढी विहीर वरून रिकामी. 6 मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे साधारण 28,000 लिटर. व्यासाचं निम्मं, त्याचा वर्ग, गुणिले 3.14, गुणिले पाण्याची खोली, अन् आलेल्या घनमीटरला हजारानं गुणलं की लिटर.

मोटार किती फेकते ते 200 लिटरच्या ड्रमनं कळते. ड्रम 40 सेकंदात भरला तं सेकंदाला 5 लिटर, तासाला 18,000 लिटर. आता वरच्या विहिरीतलं एक मीटर पाणी किती वेळ पुरंल ते सांगा बरं. दीड तासाला थोडं वर, तेवढ्यात झरे किती भरतात ते सोडून. शेतीची लाइट रात्रीची असली की हा हिशोब कामात येते.

एचपीचं किलोवॅट करायचं असंल तं 0.746 नं गुणा, 5 एचपी म्हणजे 3.73 किलोवॅट, मोटार स्वतः थोडी खाते म्हणून तासाला चार-पाच युनिट धरा.

पाइपात मात्र दुकानदार अन् गिऱ्हाईक दोघं बी इंचात बोलतात अन् पाइपावर छापलेलं असते मिलिमीटर. दोन इंची म्हणजे 63, अडीच इंची 75, तीन इंची 90, चार इंची 110 मिलिमीटर. हे बाहेरचं माप आहे, म्हणून 25.4 नं गुणून जुळवायला गेले तं जुळत नाही, पाठच करा. जोड आणायला जाताना पाइपावरचा आकडा फोटो काढून न्या. अन् 4 केजी, 6 केजी पाइप म्हणतात ते वजन नाही, दाब आहे, एका चौरस सेंटिमीटरवर तेवढे किलो. एक केजी म्हणजे साधारण 10 मीटर पाण्याची उंची. म्हणजे 4 केजीचा पाइप 40 मीटरपर्यंतचा, मोटार बंद-चालू करताना झटका बसते म्हणून काठावरचा घेऊ नका.

घर बांधताना

मिस्त्री तीन सुती, चार सुती म्हणते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आता तीन सुती म्हणून 10 मिलिमीटर अन् चार सुती म्हणून 12 मिलिमीटर सळई येते. सळई वजनावर मिळते म्हणून हे एक सूत्र भिंतीवर लिहून ठेवा : मिलिमीटरचा वर्ग भागिले 162, एका मीटरचं वजन किलोत. 12 मिलिमीटरला 144 भागिले 162, म्हणजे 0.889 किलो, 12 मीटरची पूर्ण सळई 10.7 किलोच्या आसपास. 10 ची 7.4, 8 ची पावणेपाच किलो. नग मोजा, गुणा, बिलाशी लावून बघा. थोडाफार फरक असतोच, लय असला तं विचारा.

रेतीचा ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. ट्रॉली आली की वर चढून आतून मोजा. लांबी 3 मीटर, रुंदी 1.8, रेतीची उंची 0.5, झाले 2.7 घनमीटर, ब्रासला थोडं कमीच. मधात ढीग अन् कोपरे रिकामे असं असंल तं आधी फावड्यानं सपाट करा, मंग उंची मोजा. घरकुलाचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट, हा आकडा सगळ्याला फुटातच पाठ असते.

स्वैपाकघर अन् औषधं

पायली हे भांड्याचं माप आहे, वजनाचं नाही, म्हणून पायलीभर तूर अन् पायलीभर ज्वारी काट्यावर सारखी भरत नाही. अन् पायली बी गावागावात वेगळी. आजीची पायली फेकू नका. त्याच पायलीनं ज्वारी, गहू, तूर, हरभरा, तांदूळ एकेकदा भरा, वर हात फिरवून सपाट करा, काट्यावर ठेवा अन् किलो लिहून कागद कणगीजवळ चिकटवा. मंग कोणी "पाच पायल्या दे वं माय" म्हटलं तं दोघींना बी कळते किती किलो गेले.

तेलात सगळ्यात जास्त फसगत होते. एक लिटर खाद्यतेल साधारण 910 ग्राम भरते. 15 लिटरचा डबा म्हणजे 13.65 किलो, अन् 15 किलोचा डबा वेगळा. दोन्ही डबे दिसायला सारखेच अन् दुकानात शेजारी ठेवलेले असतात. भाव विचारायच्या आधी डब्यावर लिटर आहे का किलो ते वाचा. गॅसच्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असते, रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावर लिहिलेलं असते, दोन्हीची बेरीज काट्यावर यायला पाहिजे.

जुलाबाला ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असंल तं ते पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यातच टाकायचं, "दोन ग्लास, तीन ग्लास" असं नाही, ग्लास कोणता सांगता येत नाही. पाण्याची एक लिटरची स्वच्छ बाटली यासाठी वेगळी ठेवा. लेकराच्या पातळ औषधाला सोबत आलेलं मापाचं टोपणच वापरा, घरातला चमचा नाही. ताप : 37 सेल्सिअस म्हणजे 98.6, 38 म्हणजे 100.4, 39 म्हणजे 102.2, 40 म्हणजे 104. तसं बघितलं तं जन्मताना बाळाचं वजन अडीच किलोच्या खाली नको, सहा महिने ते पाच वर्षाच्या लेकराच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली नको, हे अंगणवाडीमुळं आपल्या बायांना कधीचंच पाठ आहे.

तोळ्याचं एक : जुना तोळा 11.66 ग्रामचा, आता सोनार 10 ग्राम धरते. आजीच्या वहीतले तोळे मोडताना ग्राममध्येच बोला.

विकायला नेताना

सोयाबीन, तूर, कापूस बाजारात न्यायच्या आधी घरच्या काट्यावर दोन-चार चुंगड्या (पोती) भरून बघा, चुंगडीचं वजन वेगळं लिहा. कापूस वेचायची मजुरी किलोवर देता तं मजुरांसमोर काटा शून्यावर दाखवा, आकडा त्यांनाही वाचू द्या. व्यापाऱ्याकडं काटा सुरू व्हायच्या आधी शून्य आहे का, वजनमाप खात्याचा शिक्का चालू वर्षाचा आहे का बघा, इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दर वर्षी करा लागते. शंका असंल तं जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात तक्रार देता येते. पावती किलोत घ्या, ओलाव्याची कपात वेगळी लिहून घ्या.

अन् बातमीत "कापूस खंडीला इतका" असं ऐकलं की लगेच आपल्या कापसाशी जोडू नका. ती खंडी 356 किलोची अन् ती रुईची, म्हणजे सरकी (बी) काढलेल्या कापसाची, सरकीसकट कापसाची नाही. 100 किलो कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, म्हणजे एका खंडीला सव्वादहा ते पावणेअकरा क्विंटल कापूस लागते. खंडीच्या भावाला 3.56 नं भागलं की रुईचा क्विंटलचा भाव निघते, त्याचा तिसरा हिस्सा अन् वरून सरकीचे पैसे, त्यातून जिनिंगचा (सरकी काढायचा) खर्च वजा, असं धरून मंग व्यापाऱ्यासोबत बोलायला बसा.